कोपरखैरण्याचं विरजण

तुमच्या आत्याने गाडीच्या मागच्या सीटवर तपकिरी पाण्याने भरलेल्या एका कॅनला सीटबेल्ट लावला आणि मला म्हणाली, "आई, तू जरा खिडकीकडे सरक. त्याला हवा लागली पाहिजे." मी सरकले. एक कॅन शेजारी, एक पायाशी आणि मांडीवर मासे जिवंत ठेवायचा बॅटरीवरचा पंप, अशा थाटात मी कोपरखैरण्याहून कामोठ्याला आले.

हे फोनवर सांगायला घेतलं तेव्हा मला इतकं हसू आलं की तुम्हाला वाटलं रेंज गेली. म्हणून लिहून पाठवते, पहिल्यापासून आणि क्रमाने. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या, पण त्याला सांगा की पोलिसाची गोष्ट येईपर्यंत मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत.

तुमची आत्या काय करते हे आधी सांगायला हवं. ती 'पर्यावरण शास्त्रज्ञ' म्हणते, त्यावर लोक म्हणतात, "अच्छा, म्हणजे झाडं लावता." खरं तर ती घाण पाणी साफ करते, आणि साफ झालेल्या पाण्यात मासे, बेडूक, चतुर असे सगळे पुन्हा राहायला यावेत म्हणून खटपट करते. तिच्याबरोबर काम करणारी तिची मैत्रीण बेलापूरजवळच्या दिवाळे गावची. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, आई अजून टोपली घेऊन बाजारात बसते, आणि ही पाण्यातल्या जिवाणूंवर संशोधन करते. मला काकू म्हणते. दोघी एकत्र आल्या की जेवणाच्या टेबलावर काय बोलतील याचा भरवसा नाही. एकदा मी श्रीखंड वाढत असताना दोघी मैलापाण्याच्या रंगावर चर्चा करत होत्या आणि मैत्रिणीने चमचा उचलून दाखवला, "हा असा दाट हवा."

आपल्या सोसायटीच्या मागे जमिनीत टाक्या आहेत. सगळ्या घरांचं सांडपाणी तिथे जातं. टाकीत खालून हवेचे बुडबुडे सोडतात, आणि त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात, ते घाण खातात. खाऊन खाऊन त्यांचे गोळे होतात, गोळे तळाला बसतात, वरचं पाणी निवळतं. ते निवळलेलं पाणी मागच्या तळ्यात सोडतात. हे तळं तुम्ही लहानपणी पाहिलंय, नाक दाबून. तेव्हा टाक्या नीट चालत नव्हत्या, आणि जे यायचं ते तसंच तळ्यात जायचं. आत्याने आणि मैत्रिणीने आधी टाक्या सुधारल्या, मग काठाने कर्दळ आणि पाणकणीस लावलं, मग खाडीकडच्या ओढ्यातले छोटे मासे आणून सोडले. डासांवर उपाय म्हणून गप्पी मासे आणा असं सगळे सांगत होते. मैत्रीण म्हणाली, "पाहुणे कशाला? इथलीच मंडळी आणू."

सोसायटीत त्या पाण्याला दोन नावं होती. आम्ही 'तळं' म्हणायचो आणि ज्यांना तिथे पार्किंग हवं होतं ते 'खड्डा' म्हणायचे. तिसऱ्या मजल्यावरचे एक साहेब आहेत, त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत आणि जागा एकीचीच. त्यांनी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत शेवटचा विषय घालून घेतला होता: मागील खड्डा बुजवून पार्किंग करणे. आत्याने तो कागद वाचला आणि फ्रीजवर चुंबकाने लावला. काही बोलली नाही. आत्या बोलत नाही तेव्हा काय समजायचं हे तुमच्या बाबांना विचारा. हे तळं तिचं पहिलं होतं. याआधी तिने दुसऱ्यांच्या हाताखाली, दुसऱ्यांच्या तळ्यांवर काम केलं होतं. हे अगदी पहिल्या फावड्यापासून तिचं. सभा रविवारी संध्याकाळी, तळ्याच्या काठीच भरवायची असं तिनेच कमिटीकडून ठरवून घेतलं. "नाक आहे ना सगळ्यांना," ती म्हणाली, "येऊ देत."

आता अध्यक्षांकडे येते. ते साताऱ्याकडचे, आयुष्यभर वाशीच्या बाजारात कांद्याचा व्यापार केला, मनाने फार मोठा माणूस. आत्याचं काम त्यांना मनापासून आवडतं, पण नक्की काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. सभा तळ्याकाठी म्हटल्यावर त्यांना वाटलं, आपणही हातभार लावावा. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी घरोघरी स्वतः जाऊन ब्लीचच्या पाण्याची एकेक बाटली दिली, पदरच्या पैशाने, आणि ग्रुपवर लिहिलं की उद्या सकाळी सर्वांनी बाथरूम चकाचक करून टाकावे, सभेला शोभा येईल.

आपल्या लोकांना काही फुकट मिळालं आणि वर स्वच्छतेसाठी मिळालं, की मग विचारू नका.

शुक्रवारी सकाळी आख्ख्या बिल्डिंगला पोहण्याच्या तलावाचा वास येत होता. आत्याच्या हातातला पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. "हा वास कुठून येतोय?"

मी म्हणाले, "सगळीकडून."

ती पायात माझ्या चपला घालून पळाली. मैत्रीण दिवाळ्याहून येईपर्यंत मीही खाली गेले. टाकीवर एरवी तपकिरी, कॉफीवर असतो तसा फेस असतो. आता पांढराशुभ्र फेस फुगून काठाबाहेर येत होता. मैत्रिणीने थेंबभर पाणी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकात बघितलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "काकू, सगळी वस्ती गेली. एकसुद्धा हलत नाही."

तेवढ्यात अध्यक्ष आले, प्रसन्न चेहऱ्याने. "कसं झालंय? फेस बघा की, दुधावानी."

"काका, मेले सगळे," आत्या म्हणाली.

अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी काढली. "कोन मेलं? कवा?"

मग त्यांना समजावून सांगावं लागलं. ते ऐकता ऐकता टाकीच्या काठावर बसले, फेसाकडे बघत राहिले आणि शेवटी माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "वैनी, म्या मारलं व्हय हे?" आत्याला रडू यायच्या बेतात होतं, पण त्या माणसाचा चेहरा बघून तिला आधी हसू फुटलं, मग मैत्रिणीला, मग मला. अध्यक्षांना काही कळेना. शेवटी तेही हसले, टोपी हातात धरून.

हसून झाल्यावर प्रश्न उरलाच. जिवाणू नाहीत म्हणजे घाण कोणी खाणार नाही. सांडपाणी साठवायच्या टाकीत रविवार उजाडेपर्यंत कसंबसं थोपवून धरता येईल, पण मग ते तसंच तळ्यात जाणार, आणि संध्याकाळी सगळी सोसायटी तिथे खुर्च्या टाकून नाक उघडं ठेवून बसणार. तिसऱ्या मजल्यावरच्या साहेबांना एक शब्द बोलायची गरज पडली नसती.

"शेण टाकू," अध्यक्ष म्हणाले. "कुठनंबी आनतो."

"शेणाने होतं काका, पण आठवडे लागतात," आत्या म्हणाली. "आपल्याला तयार गाळ पाहिजे. जिवंत. चालू टाकीतला."

"म्हणजे विरजण," मी म्हणाले.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी काही मोठं बोलले नव्हते. दही नासलं की शेजारी वाटी घेऊन जायचं, एवढंच. पण शेजारी कोण, हा प्रश्न होता. मैत्रिणीला कोपरखैरण्याची एक सोसायटी माहीत होती, तिथली टाकी इतकी छान चालते की ती विद्यार्थ्यांना दाखवायला नेते. गाळाचा टँकर सोमवारशिवाय मिळत नव्हता. तेव्हा तळाचा सगळ्यात दाट गाळ कॅनमधून आणायचा असं ठरलं. दिवसभर या दोघींनी टाकीतलं ब्लीच मारायचं औषध घातलं, हवा सोडणारा ब्लोअर चालू ठेवून उरलेलं उडवलं, आणि आम्ही कोपरखैरण्याला पोचलो तेव्हा दिवेलागण होत आली होती.

मला बरोबर नेण्याचं कारण नव्हतं. मी नुसतीच बसले गाडीत. पण झालं काय, की तिथे माझाच उपयोग झाला.

त्या सोसायटीच्या सेक्रेटरी माझ्याच वयाच्या, कोकणातल्या, नऊवारीतल्या नव्हेत पण बोलणं तसंच खणखणीत. मैत्रिणीने त्यांच्या घरी बसून त्यांना सगळं सांगितलं आणि समजायला सोपं जावं म्हणून म्हणाली, "मावशी, तुमच्याकडून थोडं विरजण न्यायचंय, एवढंच."

सेक्रेटरीबाईंनी घड्याळाकडे नाही, देवघरातल्या समईकडे बघितलं. "तिन्हीसांजेला विरजण देत नाही आम्ही."

आत्या म्हणाली, "मावशी, ते सांडपाणी आहे."

"असू दे. आमची टाकी चांगली चालते ती उगीच नाही. दिवे लागल्यावर घरातलं दही, मीठ, काही बाहेर जात नाही. सकाळी या, घागर भरून न्या."

सकाळपर्यंत थांबलं तर रविवार हुकला असता, आणि शास्त्रज्ञ दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत होत्या. प्रयोगशाळेत असा प्रश्न त्यांना कुणी घातला नसावा. आत्या मला डोळ्यांनी खुणावत होती, काहीतरी कर. मी माझ्या आईला अशाच वेळी जे करताना बघितलं होतं ते केलं. पर्समधून खडीसाखरेची पुडी काढली आणि बाईंच्या हातावर ठेवली. "हे तुम्हाला. आता तुम्ही देत नाही, आपण अदलाबदल करतोय."

बाईंनी पुडी उघडून बघितली, एक खडा तोंडात टाकला आणि उठल्या. "अदलाबदलीला हरकत नाही. पण कॅन आमच्या ऑफिसचे आहेत. रिकामे परत यायला नकोत."

कॅन भरताना मला एक शिकायला मिळालं. चांगल्या गाळाला घाण वास येत नाही. कुंडी उकरावी तसा येतो, ओलसर, मातकट. मैत्रिणीने मला वास घ्यायला लावला आणि म्हणाली, "काकू, हा वास आला की समजायचं, घरात सगळे खुशाल." तिने झाकणाला भोक पाडून नळी आत सोडली. पंप तिच्या आईचा, खेकडे आणि मासे जिवंत ठेवायचा. तो मागण्यासाठी तिने फोन केला होता तेव्हा आईचा आवाज मलाही ऐकू आला होता: "पानी कसलं हाय त्यात? परत आनशील तवा साबनानं धुवून आन, नायतर खेकडं तुझ्या नावानं बोंबलतील."

आणि मग तो प्रवास. पाम बीच रस्त्याने येताना दर गतिरोधकाला कॅनमधून बुडबुड आवाज यायचा आणि आत्या आरशात बघून विचारायची, "ठीक आहेत ना?" मी म्हणायचे, "जागे आहेत." तेवढ्यावर पुढच्या दोघी हसत सुटायच्या. बेलापूरच्या अलीकडे पोलिसाने गाडी बाजूला घ्यायला लावली. काच खाली झाली. आत एक म्हातारी, मांडीवर घरघरणारा पंप, दोन कॅनमध्ये फसफसणारं तपकिरी काहीतरी, नळ्या, आणि एका कॅनला सीटबेल्ट.

"गावठी हाय का?" पोलीस म्हणाला.

तिघींनी एकदम उत्तर दिलं. आत्या म्हणाली गाळ, मैत्रीण म्हणाली जिवाणू आणि माझ्या तोंडून गेलं विरजण. पोलिसाने टॉर्च आमच्या तोंडांवर फिरवला. "एक काय ते ठरवा आधी."

मी झाकण उघडून दिलं. तो वाकला, जपून वास घेतला, मग जरा अजून वाकला. "विहीर उपसल्यावर येतो तसा वास हाय."

"संडासाचं पाणी साफ करणारे जिवाणू आहेत," आत्या म्हणाली. "आमच्या सोसायटीत नेतोय."

तो सरळ उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, लोक ह्ये सोसायटीतनं भायेर टाकत्यात. तुमी आत नेताय?"

मैत्रीण डॅशबोर्डवर डोकं टेकून हसत होती आणि आत्याने तोंडावर ओढणी धरली होती. त्याने जायला सांगितलं. गाडी सुरू झाल्यावर मागून ओरडला, "आजी, खालच्या डब्यालाबी पट्टा लावा."

घरी अध्यक्ष गेटवरच उभे होते. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी बाजारातून गुळाची आख्खी ढेप आणली होती, कारण मैत्रिणीने सकाळी बोलता बोलता सांगितलं होतं की नव्या जिवाणूंना सुरुवातीला गूळपाणी द्यावं लागतं. मी माझ्या मोठ्या पातेल्यात गूळ विरघळवला आणि अध्यक्ष तांब्या तांब्याने टाकीत सोडत होते, पूजेचं तीर्थ द्यावं तसे, हळूहळू.

"वैनी, खात्यात व्हय हे गूळ?"

"म्हणतात तर तसं."

"मग दिवाळीला लाडू बी टाकू."

शनिवारी ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश होता: आज कुणी मशीन लावू नये, फरशी साध्या पाण्याने पुसावी, उरलेल्या बाटल्या खाली आणून द्याव्यात. पुढे त्यांनी स्वतःहून लिहिलं होतं, बाथरूम थोडे मळके राहिले तरी चालेल. त्यावर बायकांनी काय काय लिहिलं ते इथे देत नाही. दिवसभरात फेसाचा रंग पांढऱ्याचा चहासारखा झाला. आत्या दर थोड्या वेळाने खाली जात होती. मी तिला जेवायला बोलवायचं सोडून ताटच टाकीवर नेलं.

रविवारी दुपारी परीक्षा. उंच काचेच्या नळकांड्यात टाकीतलं पाणी भरून ते अजिबात न हलवता अर्धा तास ठेवायचं. जिवाणूंचे गोळे नीट झाले असले तर गाळ खाली बसतो आणि वर पाणी निवळतं. नसले तर सगळं गढूळच राहतं, आणि मग संध्याकाळ गेली. आम्ही चौघं त्याच्याभोवती स्टुलावर बसलो. अध्यक्ष श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडत होते. सुरुवातीला काहीच झालं नाही. मग पाण्यात बारीक बारीक पुंजके दिसायला लागले, मग ते ढगांसारखे जवळ आले, आणि मग हळूच, सगळे मिळून, खाली उतरायला लागले. वर एक बोटभर पाणी मोकळं झालं. मग दोन बोटं. अगदी नितळ नव्हतं, गवती चहासारखं पिवळसर होतं, पण पलीकडचं बोट दिसत होतं. मैत्रिणीने आत्याच्या पाठीत असा धपाटा घातला की आत्या स्टुलावरून पडता पडता राहिली.

आत्याने झडप उघडली आणि पाणी तळ्याकडे सोडलं.

संध्याकाळी सभा भरली. गेल्या वर्षीची सभा आधी इथेच ठेवली होती आणि डासांनी आणि वासाने हाकलल्यामुळे लॉबीत न्यावी लागली होती. या वर्षी सगळे खुर्च्या टाकून बसले. आत्या मागच्या रांगेत, दोन्ही हात मांडीखाली घालून. आधी लिफ्टचा विषय निघाला. नवी घ्यायची की दुरुस्त करायची यावर तिसऱ्या मजल्यावरचे साहेब बोलायला उठले, खुर्ची पुढे ओढून अगदी काठाशी आणली, आणि बोलतच राहिले. मग कबुतरांच्या जाळ्या. मग पाहुण्यांच्या गाड्या. मग पुन्हा लिफ्ट. अंधारायला आलं, कुणीतरी दिवा लावला, कुणीतरी चहा आणला, एक काकू स्वेटर विणत होत्या त्यांनी बाहीचा काठ संपवला. मी मधेच एक बघितलं आणि आत्याला कोपराने ढोसलं. इतक्या वेळात कुणी अंगावर एक चापट मारली नव्हती.

शेवटचा विषय आला. साहेब उठले, घसा साफ केला. "हा जो मागचा खड्डा आहे..."

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "साहेब, गेल्या साली तुमीच म्हनला होता, हितं पाच मिनिटं बसवत न्हाई. आज तुमी लिफ्टवर किती बोललात, सांगा बरं."

साहेबांनी इकडे तिकडे बघितलं. हातावर बघितलं, डास सापडतो का ते. मग नाक वर करून लांब श्वास घेतला. सगळी सभा त्यांच्या नाकाकडे बघत होती. त्यांच्या बायकोने खालून म्हटलं, "अहो, बसा आता. चांगली हवा आहे."

"तसं नाही," साहेब म्हणाले, "पार्किंग लागेलच. पण... पुढच्या वर्षी घेऊ हा विषय." आणि बसले. बसताना कर्दळीचं एक पान खुर्चीखाली आलं ते त्यांनी हाताने सोडवलं.

तळ्याला एक वर्ष मिळालं. आत्या एका वर्षात काय करणार आहे ते तिने त्याच रात्री जेवताना मला सांगितलं, आणि मला त्यातलं निम्मं कळलं. तिच्या ताटातली पोळी तशीच होती आणि ती बोलत होती. फ्रीजवरचा तो कागद मी हळूच काढला आणि चुंबक परत तुमच्या फोटोवर लावला.

दुसऱ्या दिवशी मी आणि आत्या कॅन परत करायला गेलो. ते साबणाने, मग गरम पाण्याने धुतले होते. रिकामे नेणं शक्यच नव्हतं. एकात कर्दळीचे कोंब ओल्या मातीत खोचले, दुसऱ्यात अध्यक्षांनी उरलेला गूळ फोडून भरला. सेक्रेटरीबाईंनी दोन्ही झाकणं उघडून बघितली, कोंब मोजले नाहीत पण बोटाने माती चाचपली, गुळाचा खडा तोंडात टाकला.

"लागलं का विरजण?" त्यांनी विचारलं.

"लागलं," आत्या म्हणाली.

बाईंनी खिडकीतून बाहेर बघितलं. ऊन चांगलं वर आलं होतं. "मग आता सकाळ आहे," त्या म्हणाल्या, "हवं असेल तर आणखी न्या."